शालान्त परीक्षा व खाजगी माध्यमिक शाळा

शालान्त परीक्षा व खाजगी माध्यमिक शाळा : माध्यमिक शिक्षणक्रम पुरा झाल्याचे प्रमाणपत्र, त्यासाठी घातलेल्या अटी आणि ते देण्याचा अधिकार यांचा महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या संदर्भातील इतिहास. महाराष्ट्रात माध्यमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती दोन स्वतंत्र कागद पडतात. पहिला ‘शाळा सोडल्याचा दाखला’. जनरल रजिस्टरवरून उतरविलेला हा दाखला मुख्याध्यापकाच्या सहीचा असून त्यात नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, इयत्ता, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण यांची नोंद असते. दुसरा कागद शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र हा होय. तो राज्य मंडळाकडून मिळतो व त्यावर विषयवार गुण असतात. विद्यार्थ्याला पाच-सात वर्षे शिकविणाऱ्या शाळेला त्याच्या प्रगतीविषयी ‘चांगली’ एवढा एक शब्द लिहिता येतो. त्याचे माध्यमिक शिक्षण पुरे झाले की नाही, हे मात्र शाळेबाहेरील यंत्रणा ठरविते. अधिकाराची ही विभागणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली आणि खाजगी शाळांची प्रतिष्ठा, त्यांचे अर्थकारण व त्यांच्या शिकविण्याची रीत या सर्वांवर तिचा खोल परिणाम झाला.

येथे ‘खाजगी शाळा’ ही संज्ञा शासनाने अथवा स्थानिक स्वराज्य संस्थेने न चालविता नोंदणीकृत शिक्षणसंस्थेने चालविलेली शाळा या अर्थाने वापरली आहे. अशा शाळांपैकी पुष्कळ शाळा शासकीय अनुदान घेतात, तरीही त्या खाजगीच गणल्या जातात. महाराष्ट्रातील बहुसंख्य माध्यमिक शाळा या प्रकारच्या आहेत.

मॅट्रिक्युलेशन परीक्षेचा उदय : मुंबई इलाख्यातील पहिल्या इंग्रजी शाळांत विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम कोठे संपतो, याविषयी एकच एक नियम नव्हता. वार्षिक परीक्षा शाळेतच होत. शिक्षक वा मुख्याध्यापक यांनी दिलेले शिफारसपत्र घेऊन विद्यार्थी नोकरीसाठी बाहेर पडत. १८५४ च्या वुडच्या खलित्याने या स्थितीत दोन बदल सुचविले : परीक्षा घेणारी विद्यापीठे स्थापन करावीत आणि खाजगी शाळांना अनुदान देऊन त्यांच्या द्वारे शिक्षणाचा प्रसार करावा. म्हणजे शिकविण्याचे काम खाजगी संस्थांकडे सरकविण्याचे आणि पारखण्याचे काम केंद्रित करण्याचे धोरण एकाच खलित्यातून निघाले. त्यांतील परस्परविरोध त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले व त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली. सव्वाशेहून अधिक उमेदवारांतून वीस-बावीसच उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत रानड्यांसमवेत रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे यांचा समावेश होता. मॅट्रिक्युलेशन ही महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्याची पात्रता ठरविणारी परीक्षा होती. इंग्रजी, एक दुसरी भाषा, गणित आणि इतिहास-भूगोलादी सामान्य ज्ञान हे तिचे विषय महाविद्यालयीन अभ्यासाच्या सोयीने निवडलेले होते. माध्यमिक शाळेतील बहुतेक मुले महाविद्यालयात जाणारी नव्हती. त्यांनी शाळेत काय शिकावे आणि केव्हा त्यांचे शिक्षण पुरे समजावे, याचा विचार या परीक्षेच्या रचनेत नव्हता.

तरीही काही वर्षांतच ही प्रवेश परीक्षा माध्यमिक शिक्षणाची अखेरची परीक्षा होऊन बसली. सरकारी कचेऱ्या, रेल्वे, पेढ्या यांना उमेदवार निवडण्यासाठी तयार मोजमाप हवे होते आणि विद्यापीठाचे प्रमाणपत्र सर्व इलाख्यात एकाच मोलाचे होते. शाळेच्या शिफारसपत्राला असे सार्वत्रिक मोल येणे शक्य नव्हते. मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली ते सातवी असा जो शिक्षणक्रम रूढ झाला, त्यातील सातवी इयत्ता ‘मॅट्रिकचा वर्ग’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली आणि खालच्या सहा इयत्तांचे अभ्यासक्रम तिच्या अनुरोधाने ठरत गेले. उत्तरे इंग्रजीतून लिहावयाची असल्याने इतिहास-भूगोलासारखे विषयही शाळेत इंग्रजीतूनच शिकविले जात. मराठी मुलाला मराठी शिक्षकाने शिवाजीचा इतिहास इंग्रजीतून शिकवावा, ही विसंगती विसाव्या शतकातही दीर्घकाळ टिकून होती. १९३० नंतरच्या काळात मातृभाषा हे माध्यम माध्यमिक शाळांत क्रमाने रुजले.

अनुदान आणि निकाल : खाजगी शाळांना अनुदान देण्याची जी पद्धत मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात सुरू झाली, ती ‘निकालानुसार अनुदान’ या तत्त्वावर आधारलेली होती. शिक्षणखात्याचा इन्स्पेक्टर शाळेत येऊन ठरावीक मानकांप्रमाणे एकेका विद्यार्थ्याची परीक्षा घेई आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या संख्येवरून अनुदानाची रक्कम ठरे. सरकारी पैशाचा हिशेब चोख राहावा, हा त्यामागील हेतू होता व तो अनाठायी म्हणता येत नाही. परंतु त्यामुळे विद्यार्थ्याचे उत्तीर्ण होणे हे शाळेच्या जमाखर्चातील एक कलम बनले. तपासणीच्या दिवशी हुशार मुलगा आजारी पडला, तर शाळेचे प्रत्यक्ष नुकसान होई. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळांसाठी अवलंबिलेली ही पद्धत तेथेही टीकेचा विषय झाली होती. भारतात ती १९०० नंतर मागे पडली. मात्र शाळेची योग्यता तिच्या निकालावरून मोजण्याची सवय कायम राहिली.

पुण्यात १८७४ मध्ये ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ (पुढे भावे स्कूल) आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल या शाळा निघाल्या. त्यांपैकी दुसरीचे उदाहरण येथे विशेष उद्‌बोधक आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतील नोकरी सोडून आले. बाळ गंगाधर टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी त्यांना मिळाले. पाठोपाठ वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर आले. स्वतःच्या लोकांनी, अल्प वेतनावर, स्वतंत्र वृत्तीने चालविलेले शिक्षण हे त्यांचे ध्येय होते. या नव्या शाळेवर लोकांचा विश्वास बसण्यास मात्र मॅट्रिक्युलेशनमधील यश फार उपयोगी पडले. मॅट्रिकला संस्कृतमध्ये सर्वोत्तम ठरणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती या शाळेच्या विद्यार्थ्यांनी आरंभीच्या वर्षांत वारंवार पटकाविली आणि तिचा बोलबाला झाला. शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी १८८२ मध्ये शाळा पाहिली, तेव्हा शासकीय मदत न घेताही ती सरकारी हायस्कुलांशी यशस्वी स्पर्धा करू शकते, अशा आशयाचा गौरवपर अभिप्राय त्यांनी दिला. सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून निघालेल्या शाळेचे श्रेष्ठत्व सरकारमान्य परीक्षेनेच सिद्ध व्हावे, यात विरोधाभास आहे. संस्थापकांना तो दिसत नव्हता असे मानण्याचे कारण नाही. परंतु १८८० साली पुण्यातील पालकाला पटेल असा दुसरा पुरावा उपलब्ध नव्हता. याच कामातून १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज यांची स्थापना झाली.

हंटर आयोग व नंतर : १८८२ च्या या आयोगाने शासनाने माध्यमिक शिक्षणातून क्रमाने अंग काढून घ्यावे व ते अनुदानित खाजगी संस्थांवर सोपवावे, अशी शिफारस केली. आयोगापुढे निवेदन देणारे जोतीराव फुले यांचा या धोरणास विरोध होता. शेतकऱ्यांच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो व प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, ही त्यांची मुख्य तक्रार प्रसिद्ध आहे. तथापि शासनाने शाळा-महाविद्यालयांतून माघार घेतल्यास शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि शासनाच्या तटस्थतेलाही धोका पोहोचेल, असेही त्यांनी बजावले होते. खाजगी शाळा कोणाच्या हाती राहतील आणि तेथे कोणाच्या मुलांना सहज प्रवेश मिळेल, हा प्रश्न त्यामागे होता. माध्यमिक शाळांचा पुढील अर्धशतकाचा इतिहास पाहता हा इशारा निराधार नव्हता, असेच म्हणावे लागते. ग्रामीण बहुजन समाजातील मुलांपर्यंत माध्यमिक शाळा मोठ्या प्रमाणावर पोहोचली, ती १९१९ मध्ये भाऊराव पाटील यांनी स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांच्या कार्यामुळे, म्हणजे फार उशिरा.

आयोगाच्या इतर दोन शिफारशी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. एक, खालच्या वर्गातून वरच्या वर्गात बढती देताना सर्व प्रांतभर एकाच ठरीव परीक्षेचा निकाल आधारभूत मानण्याची आवश्यकता नाही. दुसरी, माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात. एक विद्यापीठाकडे नेणारी व दुसरी व्यापार-व्यवसायादी व्यवहारोपयोगी. पहिल्या शिफारशीमुळे वार्षिक बढतीचा अधिकार शाळांकडे राहिला, तो आजतागायत. दुसरीच्या अनुरोधाने मुंबई विद्यापीठाने १८८९ मध्ये ‘स्कूल फायनल’ ही वेगळी परीक्षा सुरू केली. सरकारी नोकरीसाठी ती मान्य करण्यात आली होती. परंतु मॅट्रिक झालेल्याला नोकरी व महाविद्यालय ही दोन्ही दारे उघडी असत. स्कूल फायनल झालेल्याला एकच. पालकांनी काय निवडावे, हे सांगण्याची गरज नाही. पाल्य पुढे शिकणार नाही हे ठाऊक असतानाही तो मॅट्रिकलाच बसविला जाई.

‘फॉर्म’ची पद्धत : बढतीचा अधिकार शाळेचा आणि अंतिम परीक्षेचा अधिकार बाहेरचा, या विभागणीतून खाजगी शाळांत एक प्रथा निर्माण झाली. परीक्षेस बसण्याच्या अर्जावर, म्हणजे बोलीतील ‘फॉर्म’वर, मुख्याध्यापकाची सही लागे. उमेदवाराची हजेरी पुरेशी आहे आणि त्याची वागणूक व तयारी समाधानकारक आहे, असा त्या सहीचा अर्थ असे. ही तयारी अजमावण्यासाठी शाळा अंतिम परीक्षेपूर्वी ‘प्रिलिमिनरी’ किंवा चाचणी परीक्षा घेत. तीत कमी पडणाऱ्याचा फॉर्म अडवून ठेवणे, ही गोष्ट मॅट्रिकच्या काळापासून शालान्त परीक्षेच्या काळापर्यंत चालत आली.

या प्रथेचे समर्थन करता येते. तयारी नसलेल्या मुलाला अपयशाकडे ढकलण्यापेक्षा एक वर्ष थांबविणे त्याच्या हिताचे आहे, असे अनेक प्रामाणिक मुख्याध्यापकांना वाटे व काही मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरे. पण दुसरे एक कारण क्वचितच उघडपणे बोलले जाई. शाळेचा निकाल शेकडेवारीत सांगितला जातो. साठ मुलांपैकी पंधरा अडविली आणि उरलेल्या पंचेचाळिसांतून चाळीस उत्तीर्ण झाली, तर निकाल जवळजवळ एकोणनव्वद टक्के लागतो. साठही बसविली आणि अडविलेल्या पंधरांतून पाच उत्तीर्ण झाली, तर तो पंचाहत्तर टक्क्यांवर येतो. दुसऱ्या रीतीने पाच मुले अधिक उत्तीर्ण होतात आणि शाळेची मान मात्र खाली जाते. सरकारी हायस्कूलला या फरकाची फारशी झळ नव्हती. फीच्या उत्पन्नावर व देणगीदारांच्या विश्वासावर जगणाऱ्या खाजगी शाळेला ती होती. पुढच्या जूनमध्ये पटावर किती नावे येणार, हे पुष्कळदा मागच्या निकालाच्या आकड्यावर अवलंबून असे.

अडविलेल्या मुलापुढे तीन वाटा असत : त्याच वर्गात पुन्हा बसणे, नाव काढून कमी नावाजलेल्या शाळेत जाणे किंवा शाळेविना परीक्षेस बसणे. अशा ‘बाहेरून’ बसणाऱ्यांसाठी पुढे मंडळाने वेगळा अर्ज ठेवला. ‘सतरा नंबरचा फॉर्म’ हे त्याचे नाव घरोघर परिचित आहे. रात्रशाळा आणि खाजगी शिकवणीवर्ग यांच्या वाढीलाही या अडविलेल्या विद्यार्थ्यांचा हातभार लागला. गरिबाच्या घरी बहुधा चौथीच वाट पत्करली जाई व मुलगा कामाला लागे. त्याच्या दाखल्यावर प्रगतीच्या रकान्यात ‘बरी’ असा शेरा असे आणि मॅट्रिक नसलेला म्हणून तो उरलेले आयुष्य काढी. ‘नॉनमॅट्रिक’ आणि ‘मॅट्रिक नापास’ हे शब्द मराठीत केवळ परीक्षेपुरते राहिले नाहीत. नोकरीच्या अर्जात आणि लग्नाच्या बोलण्यांत ते माणसाची पायरी सांगणारे शब्द झाले.

मान्यतेचे शस्त्र : १९०४ चा भारतीय विद्यापीठ अधिनियम आणि त्याच वर्षीचा शैक्षणिक धोरणविषयक सरकारी ठराव यांमुळे ‘मान्यता’ ही संकल्पना पक्की झाली. शाळेची खरोखर गरज आहे का, तिची आर्थिक स्थिती भक्कम आहे का, व्यवस्थापक मंडळ रीतसर आहे का, शिक्षक पुरेसे व योग्य आहेत का, आरोग्य व शिस्त यांची व्यवस्था आहे का आणि तिच्या फीमुळे शेजारच्या शाळांशी अनिष्ट स्पर्धा तर होत नाही ना, अशा कसोट्या लागू झाल्या. मान्यता नसलेल्या शाळेला अनुदान नाही, सरकारी शिष्यवृत्तीचे विद्यार्थी नाहीत आणि परीक्षेस विद्यार्थी पाठविण्याचा अधिकार नाही. या अटींपैकी बहुतेक वाजवी होत्या व त्यांमुळे अनेक शाळांच्या इमारती, वाचनालये व शिक्षकवर्ग सुधारले. पण शेवटचा अधिकार काढून घेतल्यास शाळा एका दिवसात ओस पडेल, हे सरकारने आणि संस्थाचालकांनी दोघांनीही ओळखले होते. १९०७ च्या रिस्ली परिपत्रकाने विद्यार्थी व शिक्षक यांनी राजकीय चळवळीत भाग घेतल्यास संस्थांविरुद्ध याच मार्गाने कारवाई करण्याची तरतूद केली.

परीक्षेचे हे बंधन झुगारून देण्याचे प्रयत्नही झाले. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये सुरू केलेले आणि पुढे तळेगाव दाभाडे येथे चाललेले समर्थ विद्यालय हे त्यांतील प्रमुख. तेथे मातृभाषेतून शिक्षण, हस्तव्यवसाय व राष्ट्रीय वृत्ती यांवर भर होता आणि विद्यापीठाची परीक्षा हे उद्दिष्ट नव्हते. १९१० मध्ये सरकारने ते बंद केले. असहकारितेच्या काळात शाळा सोडलेल्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय शाळा निघाल्या. १९२१ मध्ये पुण्यास टिळक महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याने स्वतःच्या परीक्षा ठेवल्या. १९२२ मध्ये चळवळ स्थगित होताच यांतील बऱ्याच शाळांचा पट घसरला. त्यांचे शिक्षण निकृष्ट होते असे नव्हे. त्यांच्या प्रमाणपत्राला बाहेर कोणी विचारीत नव्हते.

या बाबतीत सर्वांत चिवट प्रयोग धोंडो केशव कर्वे यांचा होय. मुलींच्या शाळेने मॅट्रिकची तयारी करून घ्यावी की नाही, हा वाद पुण्यास १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल (हुजूरपागा) निघाल्यापासून धुमसत होता. तेथील अभ्यासक्रमावर टिळकांनी कडक टीका केली होती. कर्व्यांनी १९१६ मध्ये हिंगणे येथे महिला विद्यापीठ स्थापन करून स्वतःची प्रवेश परीक्षा सुरू केली. रा. गो. भांडारकर हे कुलपती व र. पु. परांजपे हे कुलगुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा आवश्यक विषय आणि गृहव्यवस्था व आरोग्य यांना अभ्यासक्रमात स्थान, अशी योजना होती. मुलींसाठी वेगळा, सौम्य अभ्यासक्रम असावा काय, याबद्दल त्या वेळीही मतभेद होते व आज तो विचार फारसा कोणास पटणार नाही. परंतु शाळेने व विद्यापीठाने आपल्या विद्यार्थिनींची अखेरची पात्रता बाहेरच्या परीक्षेविना ठरवावी, हा त्यातील भाग काळाच्या पुढचा होता. विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १९२० मधील पंधरा लाख रुपयांच्या देणगीने संस्थेला स्थैर्य आले; कायद्याची मान्यता मिळण्यास मात्र १९४९ साल उजाडावे लागले. दरम्यानच्या तेहतीस वर्षांत तेथून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी शासनमान्यता नसलेली पदवी घेऊनच शिक्षणक्षेत्रात आपले स्थान मिळविले.

परीक्षा मंडळे : कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७–१९) माध्यमिक परीक्षा विद्यापीठांकडून काढून स्वतंत्र मंडळांकडे द्याव्यात, असे सुचविले होते. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९२२ च्या कायद्याने असे मंडळ झाले. मुंबई प्रांतात १९४८ मध्ये कायदा होऊन पुण्यास माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा मंडळ स्थापन झाले. १९४९ पासून एस्. एस्. सी. परीक्षा मॅट्रिकच्या जागी आली. नावापुरती का होईना, आता ती प्रवेशाची नव्हे, शाळेच्या शेवटाची परीक्षा झाली आणि वैकल्पिक विषयांची यादीही वाढली. विद्यापीठांनी मात्र प्रवेशासाठी आपापल्या विषयांच्या अटी ठेवल्या. त्यामुळे शाळांनी बहुधा जुनेच विषय चालू ठेवले.

मराठवाड्याचा इतिहास निराळा आहे. निजामी राजवटीत उर्दू माध्यम व उस्मानिया विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा यांचे प्राबल्य असून खाजगी शाळा काढण्यास पूर्वपरवानगीचे कडक बंधन होते. अंबाजोगाईच्या योगेश्वरीसारख्या शाळा त्या परिस्थितीत चालविल्या गेल्या. हे तिन्ही प्रवाह १९६५ च्या महाराष्ट्र माध्यमिक शिक्षण मंडळ अधिनियमाने एकत्र आले. १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळ अस्तित्वात येऊन पुणे, नागपूर व औरंगाबाद येथे विभागीय मंडळे झाली. पुढे विभागांची संख्या नऊ झाली. गोव्यात १९६१ नंतर काही वर्षे पुण्याच्या मंडळाचीच परीक्षा होती. तेथील स्वतंत्र मंडळ १९७५ च्या कायद्याने आले. त्याच वर्षी महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीच्या अखेरीस प्रथमच घेण्यात आली.

शाळेच्या अधिकाराचा प्रश्न : मुदलियार आयोगाने (१९५२–५३) अंतिम प्रमाणपत्रात शाळेतील वर्षभराच्या नोंदींना स्थान द्यावे, असे सुचविले. कोठारी आयोग (१९६४–६६) त्याच्याही पुढे गेला. मंडळाच्या प्रमाणपत्रावर ‘उत्तीर्ण’ वा ‘अनुत्तीर्ण’ असा शेरा नसावा, विषयवार संपादन तेवढे नोंदवावे. त्यासोबत शाळेने स्वतःच्या नोंदींवरून वेगळे प्रमाणपत्र द्यावे. आणि निवडक उत्तम शाळांना आपल्या विद्यार्थ्यांची अंतिम परीक्षा स्वतःच घेण्याचा अधिकार देऊन मंडळाने त्यांच्या शिफारशीवरून प्रमाणपत्रे द्यावीत, अशा त्याच्या शिफारशी होत्या. यांतील तिसरी शिफारस महाराष्ट्रात व्यवहारात उतरली नाही. कोणत्या शाळा ‘निवडक’ ठरवावयाच्या, हा प्रश्न कोणत्याही शासनाला अडचणीचाच वाटला असता. न निवडलेल्या शाळांचा पालकवर्ग स्वस्थ बसला नसता, हेही खरे.

शाळेला अधिकार मिळाला, तो तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिके व अंतर्गत मूल्यमापन यांच्या काही गुणांपुरता. त्याचा अनुभव संमिश्र आहे. आपल्या विद्यार्थ्यांचे गुण कमी देऊन शेजारच्या शाळेमागे पडण्याची कोणत्याच शाळेची तयारी नसते. त्यामुळे हे गुण जवळजवळ सर्वांना सारखेच व भरघोस मिळू लागले. २०१८-१९ मध्ये दहावीच्या भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद करण्यात आले. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९·४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७·१० टक्क्यांवर आला. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत राज्य मंडळाचे विद्यार्थी अकरावीच्या प्रवेशात मागे पडतील, अशी ओरड झाली व ते गुण लगेच पूर्ववत करण्यात आले. २०२० चा निकाल ९५·३० टक्के लागला. या चढउतारात विद्यार्थ्यांच्या ज्ञानात कितपत फरक पडला, हे अर्थातच आकड्यांवरून कळत नाही.

२०२१ मध्ये कोविडच्या साथीमुळे दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली आणि १८५९ नंतर प्रथमच महाराष्ट्रातील सर्व शाळांना आपल्या विद्यार्थ्यांचा अंतिम निकाल स्वतः तयार करावा लागला. प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी पन्नास नववीच्या वार्षिक निकालावरून, तीस दहावीतील वर्षभराच्या कामावरून आणि वीस तोंडी, प्रात्यक्षिक वा अंतर्गत मूल्यमापनावरून द्यावयाचे होते. कोठारी आयोगाने निवडक शाळांसाठी सुचविलेला अधिकार अशा रीतीने पंचावन्न वर्षांनी, नाइलाजाने, सरसकट सर्व शाळांना मिळाला. निकाल ९९·९५ टक्के लागला. नववीत त्या मुलांना सैल हाताने वा कठोरपणे गुण देणाऱ्या शिक्षकांना आपण शालान्त प्रमाणपत्राचे गुण देत आहोत, याची तेव्हा कल्पना नव्हती. कडक शिस्तीच्या शाळांतील मुलांचे यात नुकसान झाले.

या गुणांवर शासनाचाही पूर्ण विश्वास नव्हता. अकरावीच्या प्रवेशासाठी वेगळी सामाईक परीक्षा घेण्याचा निर्णय झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी तो रद्द ठरविला. शाळांनी दिलेल्या गुणांवरच त्या वर्षीचे प्रवेश झाले. २०२२ मध्ये मंडळाची लेखी परीक्षा पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी साथीच्या खबरदारीपोटी विद्यार्थ्यांना स्वतःच्याच शाळेत बसून ती देण्याची मुभा होती. २०२३ पासून परीक्षार्थी पूर्वीप्रमाणे मंडळाने नेमून दिलेल्या केंद्रांवर जाऊ लागले.